सिमेटरीत पक्षी बघायला जावं का? आणि आनंदीबाईंना भेटायला कधी जावं?

मागच्या अंकात बोस्टनजवळच्या माउंट ऑबर्न सिमेटरीत, म्हणजे दफनभूमीत, मे महिन्यात होणाऱ्या पक्षी-फेरीबद्दल मी आठ-दहा ओळी लिहिल्या होत्या, आणि त्यावर एवढी पत्रं आली की हा अख्खा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. काही पत्रं थोडी कापली आहेत, नावं काढली आहेत, बाकी जसं आलं तसं.

मी सांगलीची, वय ६८, सध्या मुलीकडे बोस्टनला सहा महिन्यांसाठी आलेय. मुलगी-जावई शनिवारी पहाटे दुर्बीण घेऊन त्या सिमेटरीत जातात. मी दोनदा त्यांच्याबरोबर गेले पण गाडीतच बसून राहिले. आतमधे एवढी झाडं फुललेली दिसतात की उतरावंसं वाटतं, पण मसणात फिरायला कसं जायचं? घरी आल्यावर अंघोळ करावी का? आणि ज्यांची माणसं तिथं पुरलेली आहेत त्यांना राग नाही येत?

काकू, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण वीसेक वर्षांपूर्वी मी पण अशीच गेटपाशी अडखळले होते. आपल्याकडे "मसणात जा" ही शिवी आहे, बायका तर बऱ्याच घरांत स्मशानापर्यंत जातच नाहीत, तेव्हा पाय अडखळणारच, त्यात चुकीचं काही नाही.

पण ही जागा कशी झाली ते आधी ऐका. अठराशे सालानंतर बोस्टनमधे चर्चची आवारं आणि चर्चखालची तळघरं माणसं पुरून पुरून भरून गेली होती, आणि वस्तीच्या मधोमध हे असणं तब्येतीला वाईट असं डॉक्टर लोकांना वाटायला लागलं. जेकब बिगेलो नावाचे एक डॉक्टर होते, ते वनस्पतीशास्त्रज्ञ पण होते, त्यांनी कल्पना मांडली की शहराबाहेर एक मोठी बागच करू आणि त्या बागेत माणसांना विसावा देऊ. मॅसॅच्युसेट्स हॉर्टिकल्चरल सोसायटीने, म्हणजे बागकामवाल्या मंडळींनी, ते मनावर घेतलं आणि २४ सप्टेंबर १८३१ ला उद्घाटन झालं. सुरुवातीला ७२ एकर जागा होती, आता १७५ एकर आहे. टेकड्या होत्या तशाच ठेवल्या, तळी राखली, रस्ते मुद्दाम वळणावळणाचे केले, मोठ्या रस्त्यांना झाडांची नावं दिली आणि पायवाटांना फुलांची. तेव्हा अमेरिकेत सार्वजनिक बागा अशा नव्हत्याच, न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क पंचवीसेक वर्षांनी आलं, आणि ते व्हावं असं लोकांना वाटलं त्यामागे या बाग-सिमेटऱ्यांत रविवारी होणारी गर्दी हे पण एक कारण होतं. म्हणजे लोकांनी यावं, झाडाखाली बसावं, गेलेल्यांची आठवण काढावी आणि परत जावं, यासाठीच ती जागा बांधली, फिरायला जाणं ही काही नंतर काढलेली टूम नाही.

आणि काकू, हे आपल्याला अगदीच परकं आहे का? आळंदीला माउलींच्या समाधीपाशी अजानवृक्ष आहे, त्याच्या सावलीत बसून लोक ज्ञानेश्वरी वाचतात, तिथं आपल्याला भीती वाटत नाही, उलट डोकं शांत होतं. समाधीवर झाड असणं आणि त्या झाडाखाली जिवंत माणसांनी बसणं, हे आपल्या आजी-पणजीला ठाऊक असलेलंच आहे. इथं फक्त संत नाहीत, साधी माणसं आहेत, एवढाच फरक.

अंघोळीचं म्हणाल तर करावीशी वाटली तर खुशाल करा, मनाला बरं वाटतं ते करावं, त्यावरून मुलीशी वाद नको. राग येतो का, याचं उत्तर खाली शेवटच्या पत्रात आहे, ते जरूर वाचा.

फक्त एक करा, पुढच्या शनिवारी गाडीतून उतरा आणि मुलीला म्हणा की मला ओकचं झाड दाखव. मे महिन्यात ओकला पिवळट हिरवे लोंबते तुरे येतात, त्यात बारीक अळ्या असतात. वॉर्बलर नावाचे चिमुकले पक्षी, आपल्या वटवट्याएवढे, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून रात्रभर उडत उत्तरेकडे निघालेले असतात, पहाटे उजाडलं की खाली बघतात तर सगळीकडे घरांची छपरं आणि डांबर, आणि मधेच हा हिरवा तुकडा, मग भुकेने तिथंच उतरतात. म्हणून एवढ्या गजबजलेल्या शहरात एका सकाळी वीस-वीस जातींचे वॉर्बलर दिसू शकतात. मी पहिल्यांदा ब्लॅकबर्नियन वॉर्बलर पाहिला तो एका संगमरवरी दगडावर वाकलेल्या फांदीवर, हातभर अंतरावर, गळा असा की निखाऱ्यावर कुणी नुकतीच फुंकर घातलीय. तो तुऱ्यात चोच घालून अळी ओढत होता आणि माझं त्याच्याकडे लक्ष, आणि खालच्या दगडावर १८५० च्या आसपास गेलेल्या एका बाळाचं नाव. मी तिथं किती वेळ उभी होते मला माहीत नाही. अंघोळ मात्र त्या दिवशी केली नाही.

आमची मुलं ७ आणि १० वर्षांची. नुसतं "हे बघ झाड, हा बघ पुतळा" केलं तर दहा मिनिटात कंटाळतात. मुलांसाठी काय असतं तिथं आणि कधी न्यावं? (एक बाबा, वॉल्थम)

एप्रिलमधे न्या. मे मधे पक्षी फार उंच आणि फार चपळ, मुलांच्या दुर्बिणीत येईपर्यंत उडून जातात. एप्रिलमधे मात्र डेलमधे जायचं. डेल म्हणजे टेकड्यांच्या मधली खोलगट जागा, १८३१ चा उद्घाटनाचा कार्यक्रम तिथंच झाला, चहूबाजूंनी उतार असल्यामुळे लोक उतारावर बसले आणि भाषण खाली झालं, एखाद्या नैसर्गिक नाट्यगृहासारखं. त्याच खोलगटात एक डबकं आहे जे पावसा-बर्फाच्या पाण्याने भरतं, त्यात ठिपकेवाला सॅलमँडर अंडी घालतो.

सॅलमँडर म्हणजे दिसायला पालीसारखा पण नातं बेडकाशी, वीतभर लांब, काळाकुट्ट आणि अंगावर पिवळेधमक ठिपके. वर्षभर जमिनीखाली, पालापाचोळ्यात असतो, कुणाला दिसत पण नाही, आणि मार्च संपता-संपता किंवा एप्रिलमधे थंडी थोडी कमी झाली की पहिल्या जोरदार पावसाच्या रात्री सगळे एकदम बाहेर पडतात आणि आपल्या जन्माच्या डबक्याकडे चालत जातात. उन्हाळ्यात पाणी आटतं अशीच डबकी त्यांना मानवतात, कारण पाणी आटणाऱ्या डबक्यात मासे राहू शकत नाहीत आणि मासे नाहीत म्हणजे अंडी खाणारं कोणी नाही. एवढी साधी गोष्ट, पण माझ्या मुलाला ती सांगितली तेव्हा तो म्हणाला की म्हणजे वाईट डबकं हेच चांगलं डबकं, आणि मला वाटतं त्याने बरोबर पकडलं.

रात्री सिमेटरी बंद असते त्यामुळे ती मिरवणूक बघायला मिळणार नाही, पण दिवसा पाण्यातल्या काटक्यांना चिकटलेले अंड्यांचे पुंजके दिसतात. मूठभर साबुदाण्याची खीर गार होऊन थिजली तर कशी दिसेल तसं, प्रत्येक दाण्यात एक काळा ठिपका. आठवडाभराने परत गेलात तर तो पुंजका हिरवट झालेला दिसतो, ते खराब झालेलं नाही, त्या अंड्यांच्या आत एक शेवाळ वाढतं, ते वाढणाऱ्या पिल्लाला प्राणवायू देतं आणि पिल्लाचा टाकाऊ माल स्वतः वापरतं. शाळेच्या पुस्तकात सहजीवन म्हणून जे शिकवतात ते इथं गुडघ्यावर बसून बघता येतं. हात मात्र लावायचा नाही, आपल्या हाताचं क्रीम आणि डासाचं औषध त्यांच्या कातडीला सहन होत नाही, ते मुलांना गाडीतच सांगून ठेवा.

तिथं नागरिक-विज्ञानाचं काम पण चालतं, म्हणजे साधी माणसं ट्रेनिंग घेऊन ठरलेल्या झाडांना पालवी कधी फुटली, फूल कधी आलं याची नोंद ठेवतात, लाकडी फळ्या जमिनीवर ठेवून त्याखाली किती सॅलमँडर येतात ते मोजतात. मोठ्यांसाठी आहे ते, पण दहा वर्षांचं पोर आई-बाबांच्या बरोबर घरच्या वहीत हेच करू शकतं. एक झाड निवडा आणि दर रविवारी त्याचं एक वाक्य लिहा, बस.

आणि धाकट्याला संगमरवरी कुत्रा दाखवा, पर्किन्स कुटुंबाच्या प्लॉटवर बसलेला आहे, राखण करत. त्याला सांगा की आपल्याकडे साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे. माझ्या मुलाला तर ही दोन कुत्री एकमेकांना ओळखत असणार याची खात्रीच होती.

डबा नेला तर चालतो का? कुत्रा? सकाळी पळायला जाऊ का?

नाही, नाही आणि नाही. माउंट ऑबर्नमधे पिकनिक, कुत्री आणि जॉगिंग चालत नाही आणि ते बरोबरच आहे असं माझं मत आहे. पाण्याची बाटली ठेवा, डबा बाहेर येऊन खा. आत जायला पैसे लागत नाहीत. हार्वर्ड स्क्वेअरवरून बस आहे. गेट उघडण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, निघण्याआधी बघून घ्या, आणि फेऱ्यांना नाव आधी नोंदवावं लागतं, मे मधल्या फार लवकर भरतात.

मी निवृत्त इतिहास शिक्षक, नाशिक. जूनमधे मुलाकडे येतोय. पक्ष्यांत मला गती नाही. इतिहासाची फेरी म्हणजे नेमकं काय दाखवतात? श्रीमंतांच्या कबरी?

सर, श्रीमंतांच्या कबरी आहेतच, प्लॉट विकत घेणं तेव्हा गरिबाला परवडणारं नव्हतं हे खरं. पण तेवढंच नाही. तुम्ही दोन दगडांपाशी नक्की थांबा असं मी म्हणेन.

पहिला स्फिंक्स. चॅपेलसमोर ग्रॅनाइटचा भला मोठा स्फिंक्स, म्हणजे माणसाचं डोकं असलेला सिंह, बसलाय, १८७२ चा, मार्टिन मिलमोरने घडवलेला, आणि करवून घेतला तो त्याच डॉक्टर बिगेलोंनी, तेव्हा ते अगदी म्हातारे झाले होते. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या शहिदांसाठी आहे तो. खाली कोरलंय की संघराज्य राखलं गेलं आणि गुलामगिरी नष्ट झाली. इजिप्तचा सिंह, न्यू इंग्लंडचा दगड आणि गुलामगिरीच्या शेवटाचा शिलालेख, एका जागी. मुलं त्यावर चढायला बघतात, तुम्ही अक्षरं वाचा.

दुसरा दगड लहान आहे, विचारल्याशिवाय सापडणार नाही. हॅरिएट जेकब्स. नॉर्थ कॅरोलिनात गुलाम म्हणून जन्मलेली बाई, मालकाच्या त्रासातून सुटायला आजीच्या घराच्या छपराखालच्या पोकळीत लपली, उभं पण राहता येणार नाही एवढी जागा, आणि तिथं जवळजवळ सात वर्षं राहिली. फटीतून आपली मुलं खाली खेळताना बघायची पण हाक मारायची नाही. नंतर उत्तरेत पळून गेली, १८६१ मधे स्वतःची कहाणी स्वतः लिहून छापली, पुढे केंब्रिजमधे खानावळ-वजा बोर्डिंग चालवलं, १८९७ ला गेली. ज्या बाईला सात वर्षं पाय लांब करायला जागा नव्हती तिला शेवटी १७५ एकरांच्या बागेतला एक कोपरा मिळाला. फेरीतल्या गाइडने एवढंच सांगितलं आणि गप्प बसली, आम्ही पंधरा-सोळा जण होतो, कुणी फोटो पण काढला नाही.

त्याशिवाय दगडांची भाषा शिकवतात, ती तुम्हाला आवडेल. कोकरू म्हणजे लहान मूल, अर्ध्यात तुटलेला खांब म्हणजे ऐन उमेदीत गेलेला माणूस, उलटी मशाल म्हणजे विझलेलं आयुष्य, खसखशीचं बोंड म्हणजे झोप. संगमरवर पावसातल्या आम्लाने विरघळतो म्हणून कित्येक नावं आता बोटाने पण लागत नाहीत, ग्रॅनाइट टिकलाय. कागद ठेवून पेन्सिलने अक्षरं उठवायची हौस असते काही जणांना, ती करू नका, दगड आणखी झिजतो.

शेवटी वॉशिंग्टन टॉवर चढा, ६२ फूट आहे, वरून सगळं बोस्टन दिसतं.

आमच्या न्यू जर्सीच्या मराठी मंडळातल्या बारा-तेरा जणी ३१ मार्चला आनंदीबाई जोशींच्या वाढदिवसाला त्यांच्या समाधीवर जायचं म्हणतोय. ती पण सिमेटरीच आहे ना? कसं जायचं, तिथं काय करावं, हळदीकुंकू वाहिलं तर चालेल?

तुमच्या पत्रासाठीच मी हा कॉलम लिहायला बसले असं म्हटलं तरी चालेल.

हो, ती न्यूयॉर्क राज्यात पकिप्सी गावातली रूरल सिमेटरी, म्हणजे माउंट ऑबर्नचं बघून अमेरिकेत गावोगाव ज्या बाग-सिमेटऱ्या झाल्या त्यातलीच एक, १८५० च्या दशकातली. रूरल या शब्दावर जाऊ नका, तेव्हा बागेसारख्या सिमेटरीला रूरलच म्हणायचे. मॅनहॅटनच्या ग्रँड सेंट्रलहून हडसन नदीच्या काठाकाठाने ट्रेन जाते, साधारण दोन तासांत पकिप्सीला पोचता, स्टेशनवरून टॅक्सीने दहा मिनिटं पण लागत नाहीत. ट्रेनमधे नदीच्या बाजूला, म्हणजे जाताना डाव्या हाताला बसा. आत गेल्यावर ऑफिसमधे आनंदीबाई जोशी असं नाव सांगा.

आधी हे नीट समजून घ्या की तिथं समाधी म्हणजे अस्थी आहेत. ३१ मार्च १८६५ ला जन्मलेली कल्याणची ही मुलगी, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं, त्याला वैद्यकीय मदत मिळाली असती तर, या एका विचाराने १८८३ मधे नवऱ्याशिवाय बोटीने अमेरिकेला गेली. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक झाली होती. पण क्षयाने पोखरलेली परत आली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली, बावीस पूर्ण व्हायला महिना राहिला होता. अमेरिकेत तिला लेकीसारखं ठेवलं ते रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी, म्हणजे तुमच्या न्यू जर्सीतल्याच, आणि गोपाळरावांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, अस्थी त्यांच्याकडे पाठवल्या. कार्पेंटरबाईंनी त्या आपल्या घरच्या माणसांच्या प्लॉटमधे ठेवल्या. त्या काळात एका अमेरिकन ख्रिश्चन कुटुंबाने आपल्या माणसांच्या शेजारी एका हिंदू मुलीला जागा दिली, ही गोष्ट तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही, मला तरी पुस्तकातून कळली नव्हती.

दगड साधा आहे. जोशी हे स्पेलिंग शेवटी दोन ई घालून, ती स्वतः सही करायची तसं, पुढे एम.डी., आणि शिक्षणासाठी भारताबाहेर गेलेली पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाची ओळ. मी गेले तेव्हा पानगळीचे दिवस होते, मेपलची पानं अक्षरांवर चिकटली होती, मी हाताने बाजूला केली तर एम.डी. च्या एम मधे माती भरलेली. ओढणीच्या टोकाने पुसली. बाकी काही केलं नाही, करायला सुचलं पण नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, हळदीकुंकू दगडावर नका लावू. भावना समजते, पण हळद दगडात मुरते, डाग राहतो, आणि तेलाचा दिवा सांडला तर त्याहून वाईट. सुटी फुलं ठेवा, प्लास्टिक आणि दोरा नको, निघताना सुकलेलं उचलून आणा. ओटी भरायचीच असेल तर ती आपसात एकमेकींची भरा, तिच्या नावाने. दगड धुवायचा असेल तर नुसतं पाणी आणि मऊ ब्रश, तोही ऑफिसला विचारूनच, साबण-लिंबू काही नको. बारा-तेरा जणी जाणार असाल तर आधी फोन करून कळवा, त्याच वेळी तिथं कुणाचा अंत्यविधी असू शकतो.

आणि मार्चअखेर तिथं कडक थंडी असते, जमिनीवर बर्फ पण असू शकतो, साड्या नेसणार असाल तर आतून थर्मल घाला. तिला पण तिथल्या थंडीने आणि नऊवारीने फार छळलं होतं.

माझी एक विनंती. फोटो झाले की लगेच निघू नका, अर्धा तास त्या जागेत फिरा, व्हासार कॉलेज काढणारे मॅथ्यू व्हासार पण तिथंच आहेत, म्हणजे मुलींच्या शिक्षणासाठी पैसा ओतणारा माणूस आणि शिक्षणासाठी समुद्र ओलांडणारी मुलगी एकाच बागेत आहेत. जमलं तर स्थानिक लोकांना बरोबर घ्या, त्यांना आपल्या भाषेत तिची गोष्ट सांगा आणि मग इंग्रजीत सांगा. एखाद्या जागेचा वारसा असाच राहतो, दरवर्षी चार बायका तिथं जाऊन नाव घेतात म्हणून.

हे सगळं अमेरिकेत ठीक आहे. आमच्या मुंबईत असं काही होणं शक्य तरी आहे का? (एक वाचक, परळ)

तुमच्या घरापासून शिवडी किती लांब आहे हो? शिवडीची ख्रिश्चन दफनभूमी १८६५ ची, तेव्हाचे म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळातली, आणि त्याआधी तिथं बागकाम सोसायटीची वनस्पती-बाग होती. तीच सोसायटी पुढे भायखळ्याला गेली आणि राणीबाग झाली. म्हणजे बघा, बोस्टनला बागवाल्यांनी दफनभूमी केली आणि मुंबईत बागेचीच दफनभूमी झाली, तेही साधारण एकाच शतकात.

तिथं कोण आहे बघा. आपलं व्हीटी, म्हणजे आताचं सीएसएमटी, बांधणारे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स तिथं आहेत, १९०० साली गेले. टिळकांचे खंदे साथीदार जोसेफ बॅप्टिस्टा, ज्यांना लोक काका म्हणायचे, १९१६ च्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष, १९२५ मधे मुंबईचे महापौर, ते तिथं आहेत. माझगावच्या टेकडीवरची बाग त्यांच्या नावाची आहे, तिथं सकाळी चालायला जाणाऱ्या किती जणांना ते कुठं विसावलेत हे माहीत असेल? आणि हिवाळ्यात शिवडीच्या खाडीवर फ्लेमिंगो येतात, त्यासाठी तर लोक बोरिवलीहून येतात, म्हणजे पक्षी बघणारे, झाडं ओळखणारे आणि इतिहासवाले, तिघांनाही एकाच सकाळी पुरेल एवढं तिथं आहे.

पण एक फरक मनात ठेवा, ती चालू दफनभूमी आहे, जागेची टंचाई आहे, तिथं रोज घरचे लोक रडत येतात. परवानगी घेतल्याशिवाय, आणि ज्या समाजाची ती जागा आहे त्यांना पुढे ठेवल्याशिवाय काही करू नका. आधी त्यांच्यातलीच एखादी म्हातारी व्यक्ती गाठा जिला तिथली झाडं माहीत आहेत. दहा माणसं, एक तास, स्पीकर नाही, बॅनर नाही, सेल्फी नाही. नोव्हेंबरच्या दोन तारखेला त्यांचा सर्व मृतांचा दिवस असतो, त्याच्या आधी गवत काढायला हात लागतात, तिथून सुरुवात केलीत तर मला जास्त आवडेल.

इंग्लंडमधे असं कुठं? (एक वाचक, रेडिंग)

ब्रिस्टॉलचं आर्नोज व्हेल. १८३९ चं, ४५ एकर. राजा राममोहन रॉय तिथं आहेत, १८३३ मधे ब्रिस्टॉललाच गेले आणि दहा वर्षांनी द्वारकानाथ टागोरांच्या पुढाकाराने तिथं आणले, वर चक्क आपल्यासारखी छत्री आहे. त्यांच्या ब्राह्मो समाजावरूनच आपल्या मुंबईत १८६७ ला प्रार्थना समाज निघाला, रानडे-भांडारकरांचा, त्यामुळे मराठी माणसाने तिथं डोकं टेकवावं. सप्टेंबरअखेर दरवर्षी स्मरणाचा कार्यक्रम असतो. १९८०-९० च्या दशकांत ही जागा ओसाड पडली होती, मालकाला तिथं बांधकाम करायचं होतं, गावातल्या लोकांनी वर्षानुवर्षं भांडून ती वाचवली, २००३ मधे महापालिकेने ताब्यात घेतली. आज तिथं वटवाघळांच्या रात्र-फेऱ्या होतात.

माझे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. आमच्या गावच्या सिमेटरीत त्यांच्या अस्थी आहेत, वर एक डॉगवूडचं झाड आहे. गेल्या मे मधे मी तिथं बसले होते आणि दुर्बीणवाल्यांचा एक घोळका हसत, मोठ्याने बोलत माझ्या अगदी पाठीमागे आला, त्यांना कुठला तरी पक्षी दिसला होता. मला इतकं वाईट वाटलं की मी नंतर चार महिने गेलेच नाही. तुम्ही या कार्यक्रमांचं एवढं कौतुक करता, आमचा पण विचार करता का? (नाव नको)

ताई, तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस काही लिहू शकले नाही. त्या लोकांचं चुकलं. माझ्याकडून पण असं झालं असणार, पक्षी दिसला की भान राहत नाही, आणि पाठमोरी बसलेली बाई नुसती बसलीय की कुणापाशी बसलीय हे झाडाकडे बघणाऱ्याला कळत नाही. मी आता ज्या गटाबरोबर जाते तिथं सुरुवातीलाच सांगतो की कुणी एकटं बसलेलं दिसलं की वाट बदलायची, मग झाडावर कुठलाही पक्षी असो. पण तो नियम तुमच्यासारख्या एका बाईच्या पत्रामुळेच आला, आपोआप नाही आला. तुम्ही तिथल्या ऑफिसला दोन ओळी लिहा, कुणाची तक्रार म्हणून नाही, मे महिन्यात मला अमुक वेळ शांत हवी आहे एवढंच. बहुतेक ठिकाणी फेऱ्यांची वाट त्याप्रमाणे बदलतात.

एक गोष्ट सांगू का, सांगावी की नाही असं वाटत होतं. अशा जागा ओसाड पडतात त्या तिथं कुणी येईनासं झालं की. नातवंडं लांब जातात, प्लॉटचे पैसे संपतात, झाडं वाळतात, मग कुणीतरी म्हणतं की बांधकाम करू. आर्नोज व्हेलला तेच होत होतं. ज्यांचं तिथं कुणीच नाही अशी माणसं झाडासाठी, पक्ष्यासाठी येत राहिली तर तुमच्या-माझ्यानंतर पण ते डॉगवूड कुणीतरी पाणी घालून जगवेल. त्याने तुमच्या त्या सकाळचं दुःख कमी होत नाही, ते मला कळतं.

सोमवार-मंगळवारी जा, सहसा फेऱ्या शनिवार-रविवारीच असतात. डॉगवूड मे च्या मध्यावर फुलतं, पांढरं असेल तर आधी हिरवट दिसतं आणि मग चार-पाच दिवसांत एकदम पांढरं होतं. यावर्षी तुमचं कधी फुललं ते मला लिहून कळवाल का?